दहा वाजताची नोंद

१४ ऑक्टोबर

ग्लेंडा,

माझं पाय-पेस्ट्रीचं भांडं मिळालं. लख्ख घासून दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवून गेलीस आणि बेल मात्र वाजवली नाहीस. आत चिठ्ठी असेल म्हणून मी झाकण दोनदा उघडून पाहिलं. नव्हती. तू फोन उचलत नाहीस, आणि मी तुझ्या दाराशी आले की पडद्याआडून बघत बसतेस. तो पडदा पातळ आहे, रस्त्यावरून सगळं दिसतं. म्हणून लिहिते आहे.

वॉर्डमध्ये सगळ्यांना कळलंय. चौकशी संपेपर्यंत तुला घरी बसवलंय आणि सुनावणी बारा नोव्हेंबरला आहे, असं सिस्टर हेडलीने सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. "आपली एक सहकारी" म्हणाली. तेवढ्यात शेरिल माझ्याकडे वळून म्हणाली, "सख्ख्या बहिणीला घरी बसवलंस. आता रविवारी जेवायला कुणाकडे जाणार गं, प्रोफेसरबाई?"

मी म्हटलं, "मी कुणाला बसवलं नाही. मी फक्त मोजलं."

खरंच, मी फक्त मोजलं. त्या मंगळवारी दुपारी दोन वाजता नर्स मारीविक माझा कागद घेऊन माझ्या शेजारी उभी होती. कागदावर कलम होतं, रुग्णाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजणे. साहाय्यिकेची अर्धी नर्स करणाऱ्या या दोन वर्षांच्या शिक्षणात अशी शंभरेक कलमं असतात आणि प्रत्येकासमोर नोंदणीकृत नर्सची सही लागते, हे तुला ठाऊक आहे. माझा कागद बघून तूच हसली होतीस. "आठ वर्षं म्हाताऱ्यांचे कुल्ले धुतलेस, आता श्वास मोजायला शिकणार का? शिंगं मोडून वासरांत शिरलीस, बाई!"

आपल्या वॉर्डवर श्वास कसा मोजतात ते मला पहिल्या दिवशी कुणी शिकवलं? नाडीला यंत्र आहे, तापाला यंत्र आहे, श्वासाला नाही. म्हणून दारातून बघायचं आणि सोळा लिहायचं. "जिवंत असला की सोळा. नसला तर डॉक्टरला बोलव." तू असं म्हणालीस आणि आपण दोघी चादरींच्या खोलीत पोट धरून हसलो. कॉलेजात फेन्विकबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, एका वॉर्डमधली अठ्ठावीस माणसं चर्चमधल्या गायकांसारखी एका सुरात सोळा श्वास कशी घेतात? वॉर्डवर काम केलेल्या आम्ही सगळ्या खाली बघून हसलो. एकोणीस वर्षांच्या पोरींनी ते वहीत लिहून घेतलं.

तर, मारीविक बघत होती म्हणून मी मोजलं. मिस्टर पिंडरांची छाती, हातात घड्याळ. चौतीस. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. छत्तीस. मिस्टर पिंडर म्हणाले, "काय गं पोरी, माझी छाती फार आवडली..." आणि पुढचं बोलायला त्यांना दम पुरला नाही. चाळीस वर्षं गोदीत मासे कापले त्या माणसाने, आणि एवढं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही.

नोंदींच्या टॅबवर सकाळी दहाची नोंद होती, सोळा. वर तुझं नाव. मी मोठ्याने विचारलं, "दहा वाजता सोळा कुणी लिहिलं?" तू चादरींच्या गाडीपाशी उभी होतीस. माझ्याकडे पाहिलंस. मग उशीची खोळ घडी घालायला लागलीस.

गुरुवारी ते गेले. नाव तुझं आहे, ग्लेंडा. त्याला मी काय करू?

तुझी,
कॉरिन


२ नोव्हेंबर

ग्लेंडा,

तुझं उत्तर येणार नाही हे आता मला कळलंय. तू लहानपणीही अशीच होतीस. आई गेल्यावर मी तुझी कात्री चोरून बाहुलीचे केस कापले, तेव्हा तू मला मारलं नाहीस, तीन दिवस बोलली नाहीस. मी आठ वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी मीच तुझ्या पायाशी येऊन सगळं कबूल केलं. तुझी ही जुनी युक्ती आहे. आता मी सदतीस वर्षांची आहे.

मिस्टर पिंडरांची मुलगी वॉर्डवर आली होती. इव्हॉन. अंत्यविधी झाला म्हणाली, आणि बिस्किटांचा मोठा डबा आणला. वर चिठ्ठी, "ज्यांनी मोजलं त्यांच्यासाठी." माझा हात धरून म्हणाली, "बाबांकडे कुणीतरी नीट बघितलं, एवढंच समाधान. सकाळी ज्या बाईने बघितलं नाही तिचं काय करणार आहेत?"

मी म्हटलं, "चौकशी चालू आहे."

"काढून टाकलं पाहिजे अशा बाईला."

मी मान हलवली. डब्यातली आल्याची बिस्किटं मी खाल्ली, मलईची शेरिलने संपवली.

माझं लेखी निवेदन घेतलं. खालच्या मजल्यावरच्या त्या खोलीत, जिथे खिडकी उघडत नाही. मी दोन वाजता काय पाहिलं ते लिहून दिलं. चौतीस, छत्तीस, डॉक्टरांना कधी बोलावलं, सगळं. दहा वाजताचं त्यांनी विचारलं नाही. न विचारलेलं सांगायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस, शाळेतली बाई घरी आली होती तेव्हा.

तुला वाटत असेल, मी आनंदात आहे. मारीविक सोडली तर वॉर्डवर माझ्याशी कुणी बोलत नाही. चहाच्या खोलीत मी गेले की खुर्च्या रिकाम्या होतात. नर्स मला साहाय्यिका समजतात, साहाय्यिका मला नर्स समजतात, आणि काम मात्र दोघींचं करायला लावतात. शिकाऊ म्हणून मला पाळीवरच्या माणसांच्या मोजणीत धरायचं नाही असा नियम आहे. त्या मंगळवारीही धरायचं नव्हतं. सकाळी सिस्टर हेडलीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कॉरिन, आज शिकायचं राहू दे हं, दोन हात कमी आहेत." मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले, कारण माझ्या शिक्षणाचा शेवटचा अहवाल तिच्याच हातात आहे.

तुला बावीस वर्षांत कुणी असं ताटकळत ठेवलं नाही. तू कधी काही मागितलंच नाहीस. गणिताच्या परीक्षेला घाबरून तू आयुष्यभर साहाय्यिका राहिलीस, आणि मी त्या परीक्षेला दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा बसले. यातली भित्री कोण ते तूच ठरव.

तुझी,
कॉरिन


९ नोव्हेंबर

ग्लेंडा,

तीन दिवस राहिले. मला झोप लागत नाही, म्हणून हे एकदा लिहून टाकते.

दहा वाजता मी लिहिलं.

तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे की तुला माहीत आहे. पण आपण दोघींपैकी कुणीच ते बोललेलं नाही, आणि मला ते कागदावर बघायचं होतं. बघितलं. फार काही वाटलं नाही.

तू मिसेस लिजेटला न्हाणीघरात घेऊन गेली होतीस. दारातून टॅब माझ्या हातात कोंबलास. "माझ्या नावाने उघडलंय, माझे हात ओले आहेत, ती खोली तूच उरक." तसं सगळ्याच करतात. सकाळी जिने उघडला तिच्या नावावर तो दिवसभर फिरतो. सहा खाटा होत्या. मी चिडले होते, कारण त्या सकाळी मला फुप्फुसांच्या डॉक्टरांबरोबर फेरीला जायचं होतं आणि मी तुझी सहा माणसं उरकत होते. नाडी घेतली, ताप घेतला. श्वासाच्या रकान्यात सहा वेळा सोळा दाबलं. मिस्टर पिंडर खिडकीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांच्या खाटेला वळसासुद्धा घातला नाही.

दोन वाजता टॅबवर तो आकडा पाहिला तेव्हा पहिल्या क्षणी मला खरंच आठवलं नाही. दुसऱ्या क्षणी आठवलं. आणि मग मी मोठ्याने विचारलं. मारीविक शेजारी होती, ती विचारणारच होती, म्हणून मी आधी विचारलं. एवढं पटकन मला सुचलं याचं मलाच नवल वाटतं.

आता हिशोबाने विचार कर. मी बोलले तर माझं शिक्षण त्याच दिवशी संपतं. खोटी नोंद करणारीला नर्सिंग असोसिएट म्हणून कुणी नोंदवून घेत नाही, कधीच नाही. आणि तू सुटतेस का? नाही. स्वतःच्या नावाने उघडलेला टॅब दुसऱ्याच्या हातात दिलास, त्यालाही काढतात. म्हणजे दोघी जाणार. मी गप्प राहिले तर एकच जाईल. तू चोपन्न वर्षांची आहेस, तुझे गुडघे गेलेत, अजून किती वर्षं करणार होतीस? माझी पुढची तीस वर्षं आहेत. तू मला वाढवलंस, हे तू दुकानात, बसमध्ये, प्रत्येक ख्रिसमसला सगळ्यांना सांगतेस. मग एकदा शेवटचं वाढव.

हे पत्र सुनावणीत दाखवायचं असेल तर दाखव. माझ्या हातचं आहे, सही आहे, तारीख आहे. तू दाखवणार नाहीस. म्हणून तर लिहिलं.

कॉरिन


१२ नोव्हेंबर

ग्लेंडा,

तू निळा कोट घातला होतास, आईचा. अशा जागी तो कोट घालून यायचं काय नडलं होतं?

मी आत साक्ष दिली, तू ऐकत होतीस. माझा आवाज कापला नाही. मग मला म्हणाले, पाहिजे तर बसून राहा. मी राहिले. तुझ्यासाठी राहिले असं समजू नकोस. तू काय बोलतेस ते मला ऐकायचं होतं.

त्या टायवाल्या माणसाने विचारलं, "मिसेस सोवर्बी, दहाची नोंद तुमची आहे?"

"माझ्या नावावर आहे."

"तुम्ही श्वास मोजलात?"

"मी सोळा लिहिते. नेहमीच."

"त्या सकाळी टॅब दुसऱ्या कुणाच्या हातात होता का?"

तू टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलीस. मी तुझ्याकडे बघत होते, आणि माझ्या मनात एकच होतं, बोलू नकोस, बोलू नकोस, बोलू नकोस. असं मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"नाही," तू म्हणालीस.

निकाल वीस मिनिटांत आला. तुझं ओळखपत्र तू स्वतःच गळ्यातून काढून टेबलावर ठेवलंस. त्या माणसाने "बावीस वर्षांच्या सेवेची आम्हाला जाणीव आहे" असं म्हटलं, तेव्हा तू हसलीस. बाहेर पडताना माझ्या खुर्चीशेजारून गेलीस आणि तुझा कोट माझ्या खांद्याला घासला. तू थांबली नाहीस.

मला इतकी भूक लागली होती की बंदरावरच्या दुकानातून मासा आणि चिप्स घेऊन बसथांब्यावरच उभ्याने खाल्ले. व्हिनेगर जास्त झालं होतं. पोट भरल्यावर मला तुझा राग आला. तू भांडली असतीस, माझं नाव ओरडली असतीस, तर मी तुला खोटं पाडलं असतं आणि आपण दोघी सारख्या झालो असतो. तू तेवढंही मला दिलं नाहीस. कायम मोठी बहीण!

कॉरिन


२० फेब्रुवारी

ग्लेंडा,

बातमी आहे. मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

कॉलेजात आम्हाला अनुभवलेखन करावं लागतं. एखादी घटना घ्यायची, काय झालं, काय वाटलं, काय शिकलात. "चूक दिसल्यावर आवाज उठवणे" या कलमावर माझ्याकडे तुझ्याशिवाय काय होतं? खरी नावं लिहायची नसतात, म्हणून मिस्टर पिंडर "मिस्टर एक्स" झाले आणि तू "पॅट" झालीस. पॅट अनुभवी आहे, प्रेमळ आहे, पण जुन्या सवयींनी तिची नजर मेली आहे, असं मी लिहिलं. पॅट आणि लेखिका यांचं जवळचं नातं होतं, त्यामुळे बोलणं अवघड गेलं, असंही लिहिलं. फेन्विकबाईंनी समासात लाल शाईने लिहिलं, "धैर्य." मग माझी परवानगी घेऊन पहिल्या वर्षाच्या वर्गात तो लेख वाचून दाखवला. मी मागे बसले होते. एका पोरीने हात वर करून विचारलं, "मग पॅटचं काय झालं?"

फेन्विकबाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "तिला काढलं. पण तिने कबूल केलं, हे तिचं मोठेपण." वर्गाने टाळ्या वाजवल्या. कुणासाठी ते मला कळलं नाही.

लिहिताना एक गोष्ट मला नीट कळली, ती इथे सांगते कारण लेखात घालता आली नाही. "काय वाटलं" या रकान्यात मी दुःख, अपराध, धक्का असं सगळं भरलं. खरं असं की मला हलकं वाटलं होतं. तू गेल्यापासून वॉर्डवर मला "ग्लेंडाची बहीण" कुणी म्हणत नाही.

मारीविकने माझ्या कागदावर शेवटच्या सह्या केल्या. पेनचं टोपण लावताना ती म्हणाली, "ग्लेंडाही न मोजता लिहायची, पण एकाला सोळा, दुसऱ्याला अठरा, तिसऱ्याला सतरा. जुन्या बायका आलटून पालटून लिहितात, दिसायला बरं दिसावं म्हणून. त्या खोलीत सहाही जणांना सोळा होतं."

मी म्हटलं, "घाईत असेल."

"हो," मारीविक म्हणाली, "कुणीतरी घाईत होतं." मग कागद माझ्याकडे सरकवला. "वॉर्डवर माणसं कमी आहेत, कॉरिन. दोघी घालवून मला परवडणार नाही. पण माझ्या आईजवळ मी तुला बसू देणार नाही."

तिची आई सात हजार मैलांवर आहे. म्हणून मी ते फार मनावर घेतलं नाही.

कॉरिन


६ जून

ग्लेंडा,

झालं. नोंदणी झाली. वेबसाइटवर माझं नाव टाकलं की येतं, कुणालाही दिसतं. तूही बघू शकतेस. कॉरिन एलिझाबेथ टास्कर, नर्सिंग असोसिएट.

आपल्या वॉर्डवर मी राहिले नाही. मारीविक माझ्यामागे आली की माझी मान आखडते. हॅडलस्टोन हाउसमध्ये लागले, चर्चच्या मागचा वृद्धाश्रम, चाळीस खोल्या. इथे मला कुणी अर्धी नर्स म्हणत नाही, कारण पूर्ण नर्स एकच आहे आणि तीही दुपारपर्यंतच. साहाय्यिकांच्या नोंदी मी तपासते, खाली सही करते. त्या मला घाबरतात. परवा एकीच्या पाणी पाजल्याच्या नोंदी सगळ्या एकाच शाईने, एकाच हिसक्यात लिहिलेल्या दिसल्या. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं. ती रडली. मला तिची दया आली नाही, कारण दारातून बघून लिहिणारीचं हस्ताक्षर मला लगेच ओळखू येतं.

तू काय करतेस? शेरिल दुकानात भेटली, म्हणाली तू मासे धुरवायच्या स्मोकहाउसमध्ये हॅडॉक मासे बांधायच्या कामाला गेली होतीस आणि गुडघ्यांमुळे पंधरा दिवसांत सोडलंस. थंड फरशीवर उभं राहायचं काम तुला जमणार नव्हतंच. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

दारी आलीस तर मी उघडेन. मी पडद्याआडून बघत बसणार नाही.

कॉरिन


२८ जून

ग्लेंडा,

नऊ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं.

आमचा मॅनेजर डेझमंड ऑल्ड्रिज दुपारी एक अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आला. लीड्सहून आलेला माणूस, गावात कुणाला ओळखत नाही. म्हणाला, "तू त्याच हॉस्पिटलात होतीस ना? ही बाई बघ. बावीस वर्षं काम केलंय, आणि नोकरी का सुटली त्यापुढे सरळ लिहिलंय, खोट्या नोंदीवरून काढलं म्हणून. असं कोण लिहितं? मला आवडलं. आपल्याला दोन हात हवेच आहेत. तू हो म्हणालीस तर सोमवारी बोलावतो."

मी अर्ज हातात घेतला. तुझं ते तिरपं अक्षर, माझ्या शाळेच्या रजेच्या चिठ्ठ्यांवरचं. मी इथे आहे हे तुला ठाऊक होतं, मी लिहिलं होतं. तरी तू इथे अर्ज केलास. मला बघायला येणार होतीस, की गुडघ्यांना झेपेल असं दुसरं काही गावात उरलं नाही, ते अर्जावरून कळत नव्हतं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. सहीजवळ तुझं पेन थांबलं होतं, शाईचा ठिपका होता.

मला दिसलं की सोमवारपासून तू रोज सकाळी माझ्यासमोर येणार. माझ्या सहीसाठी नोंदी पुढे करणार. काही बोलणार नाहीस. बोलली असतीस तर मी तुला घेतलं असतं, ग्लेंडा, देवाशपथ घेतलं असतं. पण तू बोलणार नाहीस, आणि तुझं ते गप्प राहणं मला रोज आठ तास पुरून उरलं असतं.

"ओळखते," मी म्हटलं. "घेऊ नका."

"वाईट आहे का?"

"चांगली आहे. पण तिच्या नोंदींवर मी सही करणार नाही. तिला घ्यायचं तर सही करायला दुसरी कुणी शोधा."

डेझमंडने सुस्कारा सोडला. मला सोडणं त्याला परवडत नाही. अर्ज परत घेताना त्याने एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे पाहिलं.

"तुझी कुणी लागत नाही ना ही? विचारावं लागतं, नियम आहे."

तिसऱ्या पानावर तो रकाना आहे. आमच्या संस्थेत आपले कुणी नातेवाईक काम करतात का? त्यापुढे दोन चौकोन आहेत. तू "नाही"वर खूण केली होतीस, आणि खूण पुरेशी वाटली नाही म्हणून शेजारी अक्षरांतही लिहिलं होतंस.

मी तेच पान उघडून त्याच्यासमोर धरलं. "तिनेच लिहिलंय ना," मी म्हटलं.

कॉरिन